'फॉरेन की' : शिस्तीची किंमत किती?

बँकेच्या संगणकात एखादा व्यवहार नोंदला गेला. पण ज्या खात्यावर तो नोंदला, ते खातेच अस्तित्वात नसेल तर? ताळेबंद जुळणार नाही आणि चूक हुडकण्यात कित्येक दिवस जातील. असा प्रसंग ओढवू नये म्हणून रिलेशनल डेटाबेसमध्ये 'फॉरेन की' या बंधनाची तरतूद असते. मात्र या बंधनामुळे डेटाबेस मंदावतो, अशी तक्रार संगणक क्षेत्रात वारंवार ऐकू येते. तिच्यात तथ्य किती, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मूळ संकल्पना
आयबीएममधील शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. 'फॉरेन की' ही संज्ञाही त्याच निबंधात आढळते. 'खाते' हे मूळ टेबल आणि 'व्यवहार' हे त्यावर अवलंबून असलेले टेबल मानले, तर व्यवहाराच्या नोंदीतील खाते क्रमांक मूळ टेबलात असलाच पाहिजे, असा या बंधनाचा अर्थ.

खर्च कोठे होतो?
नवा व्यवहार नोंदताना डेटाबेस मूळ टेबलाच्या इंडेक्समध्ये खाते क्रमांक शोधतो. इंडेक्सची रचना वृक्षासारखी असल्याने दहा लाख खात्यांतूनही तो तीन-चार टप्प्यांत सापडतो. एका नोंदीपुरता हा खर्च नगण्य असतो. लाखो नोंदी एकदम भरताना मात्र तो जाणवू लागतो.

दुसरा खर्च लॉकचा. नोंद पूर्ण होईपर्यंत मूळ खाते कोणी खोडू नये, म्हणून त्या ओळीला लॉक लावावे लागते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये पूर्वी या लॉकमुळे त्या ओळीतील इतर रकान्यांचे बदलही खोळंबत. २०१३ मधील ९.३ या आवृत्तीत सौम्य प्रकारचे लॉक आले आणि ही अडचण दूर झाली.

सर्वांत मोठा फटका बसतो तो मूळ नोंद खोडताना. त्या खात्यावर एकही व्यवहार नाही ना, याची खात्री डेटाबेसला करावी लागते. मायएसक्यूएलचे इनोडीबी त्यासाठी लागणारा इंडेक्स स्वतःच तयार करते. पोस्टग्रेस्क्यूएल, ओरॅकल व एसक्यूएल सर्व्हर हे काम रचनाकारावर सोपवतात. तो विसरला, तर एक कोटी व्यवहारांच्या टेबलात एक खाते खोडण्यासाठी सर्व कोटी ओळी चाळाव्या लागू शकतात. एक हजार खाती खोडायची तर हा आकडा एक हजार कोटींवर जातो! ओरॅकलमध्ये तर अशा वेळी व्यवहारांच्या संपूर्ण टेबलालाच लॉक लागते. म्हणजे दोष बंधनाचा नसून इंडेक्सच्या अभावाचा असतो.

बंधन काढले तर?
तपासणीचा भार मग प्रोग्रामवर येतो. 'खाते आहे का' हे पाहणे आणि व्यवहार लिहिणे, या दोन क्रियांमधील क्षणात दुसऱ्याने खाते खोडले, तर निराधार नोंद मागे राहते. शिवाय या तपासणीलाही वेळ लागतोच. मायएसक्यूएलमध्ये तपासणी तात्पुरती बंद ठेवता येते. पण ती पुन्हा सुरू केल्यावर दरम्यान शिरलेल्या नोंदी तपासल्या जात नाहीत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. उलट, बंधन विश्वासार्ह असेल तर ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर काही प्रश्नांत मूळ टेबल वाचण्याचे टाळतात व उत्तर लवकर देतात.

मोठी भरती करायची असल्यास आधी नोंदी भरून नंतर बंधन घालावे. सर्व ओळींची एकत्रित तपासणी स्वस्त पडते. माहिती अनेक सर्व्हरवर विभागलेली असेल, तर बंधन सोडून देण्याची वेळ येऊ शकते. पण मग निराधार नोंदी शोधण्याची नियमित व्यवस्था हवी. इतरत्र वेग मंदावल्याचे दिसताच आधी इंडेक्स तपासावा. बंधनाला हात त्यानंतरच लावावा. वाया गेलेले क्षण भरून काढता येतात, बिघडलेल्या नोंदींचा विश्वास परत मिळवणे कठीण असते.