जिस्म : एका शाळकरी शब्दाची बदनामी

२०१२च्या ऑगस्टमध्ये उर्दूच्या तासाला मी फळ्यावर 'जिस्म' हा शब्द लिहिला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. धडा आरोग्याचा होता. उर्दूत जिस्म म्हणजे शरीर, लहान मुलांना हात-पाय-कान शिकवताना वापरायचा साधा शब्द. पण ३ ऑगस्टला 'जिस्म २' लागला होता आणि पोस्टरने त्या शब्दाचा अर्थ परस्पर ठरवून टाकला होता. मी डस्टर घेऊन शब्द पुसला आणि 'बदन' लिहिले.

पहिला 'जिस्म' २००३चा. बिपाशा बसू आणि जॉन अब्राहम. दुसऱ्या भागाचा त्या कथेशी काही संबंध नव्हता, फक्त नावाचा धंदा पुढे चालवलेला. दिग्दर्शन पूजा भट यांचे, नायिका सनी लिओनी. तिला हा चित्रपट देऊ करायला महेश भट थेट 'बिग बॉस'च्या घरात गेले होते. नायिकेचे नाव इज्ना, दोघा नायकांपैकी एकाचे अयान, आणि एका गाण्यात अली अजमत 'मौला'ला साद घालतो. आमच्या घरांतली नावे, आमच्या दुआंमधले शब्द त्या पडद्यावर होते. मोहल्ल्यात नाराजी होती ती यामुळेही.

आता प्रश्न हा की असा चित्रपट घरात कसा पोहोचतो? टीव्हीवरून नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५-०६मध्ये आदेश दिले. तेव्हापासून टीव्हीसाठी 'ए' चित्रपटाला काटछाट करून 'यू' किंवा 'यूए' प्रमाणपत्र घ्यावे लागते. तेही पुरे पडेलच असे नाही. 'जिस्म २'च्या तीन-साडेतीन महिने आधी, २२ एप्रिल २०१२ला, 'द डर्टी पिक्चर' असे प्रमाणपत्र घेऊनही ऐनवेळी टीव्हीवरून मागे घ्यावा लागला.

उरली डिस्क. १९८४च्या कॉपीराइट दुरुस्तीने व्हिडिओच्या वेष्टनावर सेन्सॉरचे प्रमाणपत्र छापणे सक्तीचे केले, पण घरात ती डिस्क कोण लावतो हे कोण पाहणार? पूर्वी निदान किंमत आडवी येत होती. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. नकली माल त्याहून स्वस्त. २००९मध्ये महाराष्ट्राने हातभट्टीवाले आणि झोपडपट्टीगुंडांच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 'व्हिडिओ पायरेट्स'नाही बसवले. 'जिस्म २'ची डीव्हीडी आली ती या बाजारात.

वडनेरला आम्ही लहानपणी वेगळा व्हिडिओ पाहिला होता. लग्नात नाहीतर उरुसात व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही रात्रभरासाठी भाड्याने यायचा. अंगणात सतरंजी, पुढे पोरं, मागे अम्मी आणि खाला, दाराशी अब्बा. नको ते दृश्य आले की कोणीतरी खाकरायचे, कोणी चहाला उठायचे. तेवढ्यावर भागायचे. खाकरणे हेच आमचे सेन्सॉर बोर्ड होते, आणि ते बोर्ड सर्वांसोबत बसून पिक्चर बघत असे.

कायद्याने बैठकीतला टीव्ही स्वच्छ केला. मला त्या याचिकेविषयी आदरच आहे. लेकरांच्या काळजीतूनच ती आली होती. पण वगळलेले सारे दाराआड गेले, जिथे खाकरायला कोणी नव्हते. 'होम व्हिडिओ' नावापुरताच घरचा राहिला. तो घरातल्या तरुण पोराचा झाला. घरातल्या बायकांच्या वाट्याला फक्त संशय आला. २०१६मध्ये जिओ आले आणि दारही लागेनासे झाले, सगळे खिशात आले. २०१८मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली.

म्हणून वाटते, त्या दिवशी शब्द पुसून मीही तेच केले. मुलांना त्या शब्दाचा एक अर्थ माहीत होता; दुसरा सांगायचे काम माझे होते आणि मी पळ काढला. मुलींनी खाली घातलेल्या माना मला अजून आठवतात.

आता तो धडा आला की मी 'जिस्म' लिहितो आणि हसू ओसरेपर्यंत थांबतो. मग सांगतो, हा शब्द अरबीतून आला, वजूच्या वेळी आपण धुतो तो हाच, ताप येतो तोही यालाच. मग एखादी मुलगी हात वर करून विचारते, "सर, मग जिस्मानी म्हणजे शारीरिक ना?"