शब्दांधत्व आणि दोन लिपी

इ. स. १८९६ च्या नोव्हेंबरांत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनीं पर्सी नांवाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा तल्लख, खेळांत चपळ. ७४९ ला ८६७ नें गुणण्याचें उदाहरणहि त्यानें झटकन् बरोबर सोडविलें. परंतु सातव्या वर्षापासून शिकवूनहि एका अवयवाच्या शब्दापाशीं तो अडखळे, आणि स्वतःचें नांव 'प्रेसी' असें लिही. सारें शिक्षण तोंडी असतें, तर शाळेंत सर्वांत हुशार हाच ठरता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. छडीच्या त्या काळांत इतकें ओळखणारा शिक्षक विरळाच म्हणावयाचा!

'डिस्लेक्सिया' हा शब्द स्टटगार्टचे नेत्रवैद्य रूडोल्फ बर्लिन यांनीं १८८७ सालीं वापरला होता. पण तो मेंदूस इजा झालेल्या प्रौढांविषयीं. हा दोष जन्मजातहि असूं शकतो, हें मॉर्गन यांनीं दाखविलें.

पर्सीची परीक्षा एकाच भाषेंत झाली. ज्या मुलास दोन भाषा वाचावयाच्या, त्याचें काय? १९९९ सालीं टाएको वायडेल व ब्रायन बटरवर्थ या संशोधकांनीं जपानांत वाढलेल्या, पण घरीं इंग्रजी बोलणाऱ्या १६ वर्षांच्या मुलाचा वृत्तांत छापला. जपानी वाचनांत तो विश्वविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या तोडीचा. इंग्रजी मात्र तो जपानी सोबत्यांहूनहि वाईट वाची. मुलगा एकच, बुद्धि एकच! जपानी 'काना' लिपींत ठराविक चिन्हास ठराविक ध्वनि. 'कांजी' चिन्ह तर बहुधा सबंध शब्दच दाखवितें. इंग्रजींत 'पुट' आणि 'बट' यांतला 'यू' सुद्धां एकमेकांस ओळख देत नाहीं. ध्वनि सुटे करून जुळविण्याचें त्या मुलाचें अंग दुबळें होतें, तें इंग्रजीनें उघडें पाडलें. जपानीनें झांकून ठेवलें.

आमच्या घरांत हा प्रश्न रोजचाच आहे. बालबोध लिपींत अक्षर व उच्चार यांचा मेळ बराच पक्का. अशा नियमित लेखनाच्या भाषांत, उदाहरणार्थ जर्मनमध्यें, दोष चुकांपेक्षां मंद गतींत अधिक दिसतो, असें आढळलें आहे. तेव्हां केवळ चुका मोजणारा परीक्षक फसण्याचा संभव. उलट, इंग्रजी शाळेंत नव्यानें घातलेलें मराठी मूल निव्वळ अपरिचयानेंहि अडखळतें. त्यास दोषी ठरविणें हा अन्यायच होय. या दोन्ही चुका टाळावयाच्या तर दोन्ही भाषांत वाचून घ्यावें लागतें, आणि हातीं घड्याळहि धरावें लागतें.

पुष्कळ वर्षें आपल्या देशी भाषांत अशा चांचण्यांचा तुटवडा होता. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रांत सिद्ध झालेली 'डाली' ही चांचणी २०१५ सालीं पुढें आली. हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी अशा चार भाषांत ती असून, पहिली ते पांचवीच्या मुलांसाठीं ती योजिलेली आहे.