निजामी सरहद्दीपलीकडील फुले

नांदेड आणि लातूर ही नावे घेतली म्हणजे सुशिक्षित वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे जे चित्र उभे राहते, त्यात रानफुलांना फारशी जागा नसते. काळीभोर जमीन, ज्वारी, तूर, कापूस, उन्हाळ्यातील पाण्याचे दुर्भिक्ष, एवढ्यावर ते चित्र संपते. वनस्पतींची नवलाई पाहावयाची तर सह्याद्रीत जावे, मराठवाड्यात काय आहे, असा आपला एक ठाम ग्रह होऊन बसला आहे. तो अगदीच निराधार आहे असे नाही. कोकण-घाटमाथ्याचा पाऊस या भागाच्या नशिबी नाही. परंतु या दारिद्र्यात जमिनीचा वाटा किती आणि कागदाचा किती, हे तपासू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. जेथे फुले कमी आहेत असे आपण समजतो, तेथे पुष्कळदा फुले पाहणारे कमी होते.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींची टिपणे प्रथम ठेवली ती कोणी? ज्यांचे पोट या विद्येवर चालत होते अशा माणसांनी नव्हे. मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ साली निघाली. तिचा कर्ता जॉन ग्रॅहॅम हा टपालखात्यातील अधिकारी. यादी छापून पुरी होण्यापूर्वीच तो खंडाळ्यास वारला आणि उरलेले काम निम्मो नावाच्या त्याच्या मित्राने तडीस नेले. जुन्नरच्या डोंगरातील कड्यांवर वाढणारी एक अत्यंत दुर्मिळ मांसल वनस्पती १८६५ च्या सुमारास शास्त्रास परिचित करून दिली ती निकोल डॅल्झेल याने. तो मुंबईत प्रथम आला तो जकातखात्यात. त्याने तिला गव्हर्नर फ्रिअरसाहेबांचे नाव दिले. त्या डोंगरांवरची माणसे तिला ‘शिंदळ माकुडी’ म्हणून ओळखत होती, ती गोष्ट निराळी! ज्या गिब्सनबरोबर डॅल्झेलने १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ लिहिला, तो गिब्सन मूळचा शस्त्रवैद्य.

आपले लोकही या छंदात मागे नव्हते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी ज्या आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. पहिल्यांना आपण प्रार्थनासमाजाचे म्हणून ओळखतो. दुसऱ्यांनी मुंबईच्या बाजारातील औषधींची यादी १८७९ साली प्रसिद्ध केली होती. पुढे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईकडील विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा त्यांनी व मेजर बसू यांनी मिळून सिद्ध केलेला ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली बाहेर पडला. टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’वरून ‘इंदिरा’ हे काव्य लिहिणारे कीर्तिकर ते हेच. ज्या हातांनी काव्य लिहिले त्याच हातांनी विषारी मुळ्या उकलल्या, हे आजच्या विषयवार विभागलेल्या पंडितांस बहुधा विलक्षण वाटेल.

या सर्व उद्योगाची परिणती थिओडोर कुक यांच्या ग्रंथात झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे हे प्राचार्य शिक्षणाने इंजिनियर. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात भागश: प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या नावातच त्याची मर्यादा आहे. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता, म्हणून कराचीकडील खारट वाळूतील झुडपे त्याच्या कक्षेत आली. सोलापूर आले. परंतु सोलापुराला लागूनच सुरू होणारा निजामाचा मुलूख बाहेर राहिला, आणि त्याबरोबर लातूर व नांदेडही. बालाघाटच्या रांगेत उगवणाऱ्या गवतास आपण कोणाच्या अमलाखाली आहो याची वार्ताही नसते. पण ग्रंथकर्त्यास ती असते.

प्रवासाची अडचण होती, असे म्हणावे तर तेही खरे नाही. मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० साली सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातुरास पोचली. कापूस त्या गाड्यांतून बाहेर गेला. फुले वेचणारा मात्र त्यांतून आत आला नाही. १९११ सालीच पार्ट्रिज यांनी निजामी मुलखातील वनांच्या वनस्पतींवर एक पुस्तक प्रसिद्ध केले खरे. तथापि ते वनवृक्षांच्या दृष्टीने लिहिलेले. पावसाळ्यात तीन आठवडे दिसून नाहीशा होणाऱ्या कंदवर्गीय वनस्पतीचा शोध त्यात कोण घेणार?

माझ्या मते खरे कारण वेगळेच आहे. छंद एकट्याने फार दिवस चालत नाही. त्याला मंडळ लागते, नमुने ठेवण्यास कपाट लागते, टिपण छापणारे मासिक लागते आणि ‘हे फूल कोणते’ असे विचारावयास जवळ एखादा जाणता लागतो. मुंबईत सेंट झेवियर कॉलेजात फादर ब्लॅटर होते. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही तेथे आहे. नांदेडास तर पहिले महाविद्यालय निघाले तेच मुळी १९५० साली, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर दोन वर्षांनी. लातुरास त्यासाठी १९६१ साल उजाडावे लागले. तोवर जो कोणी शाळामास्तर किंवा वैद्य रानात हिंडून काही पाहत असेल, त्याचे पाहणे त्याच्याबरोबरच संपले. किनवटचे सागवानी रान तर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यातही नव्हते. ते आदिलाबादेत मोडत असे. राज्यपुनर्रचनेने ते मराठी मुलखात आले आणि त्यामुळे जिल्ह्याची वनसंपत्ती एका रात्रीत वाढली! येथेही रेघ हलली, झाडे जेथल्या तेथेच होती.

ही उणीव भरून काढण्याचे मोठे श्रेय मराठवाडा विद्यापीठातील प्रा. व्ही. एन. नाईक यांचे. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९ साली निघाला. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, तेव्हा लातूरच्या वनस्पतींचा पहिला व्यवस्थित लेखाजोखा उस्मानाबादच्या नावाने छापलेला आहे, हे नव्या अभ्यासकाने विसरू नये. पुढे १९९८ साली त्यांचा दोन खंडांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ प्रसिद्ध झाला. कुकच्या शेवटच्या भागानंतर बरोबर नव्वद वर्षांनी!

आता ज्यांच्यासाठी हौशी माणसे वेडी होतात त्या आमरींविषयी, म्हणजे ज्यांस इंग्रज ऑर्किड म्हणतात त्यांविषयी, दोन शब्द सांगितले पाहिजेत. मराठवाड्यात आढळणारी रास्ना जुन्या आंब्यांच्या, मोहांच्या फांद्यांवर वाढते. तिची जाड पांढुरकी मुळे सालीला बिलगलेली असतात. फुलाच्या पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी असते आणि पुढची ओठासारखी पाकळी निळसर जांभळी. लोक तिला सर्रास बांडगूळ समजून तोडतात. हा अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. रास्ना केवळ बिऱ्हाड करून राहते, अन्न स्वत:चे स्वत: करते. तिच्या ‘व्हांडा’ या शास्त्रीय नावाची कथा मोठी गमतीची आहे. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स हे न्यायासनावरून उतरल्यावर संस्कृत आणि वनस्पती या दोन नादांत रमत. वृक्षावर वाढणाऱ्या वनस्पतीस संस्कृतात ‘वन्दा’ म्हणतात. तो शब्द त्यांच्या लेखनातून रॉबर्ट ब्राऊन याने १८२० साली शास्त्रात रूढ केला. लंडनच्या काचगृहांत मिरविणारे हे नाव आपल्या कोशांतूनच गेलेले आहे.

जमिनीवर वाढणाऱ्या आमरींची रीत याहून गूढ. पानगळीच्या रानातील अमरकंद वर्षाचा बराच काळ मातीखाली निजलेला असतो. काही साली तो वर येतही नाही. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म. त्यात पुढच्या अंकुरासाठी शिदोरीच नसते, आणि मातीतील विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते. म्हणून एका उतारावर दहा झाडे दिसावीत आणि शेजारच्या उतारावर एकही नसावे, असे घडते. विद्यापीठातून जुलैत एकदा येऊन जाणाऱ्या पंडितास ती न दिसण्याचाच संभव अधिक. जो त्याच वाटेने पंचवीस पावसाळे शाळेत गेला, त्याला ती दिसते. या बाबतीत हौशी माणूस पंडिताहून वरचढ ठरतो तो बुद्धीमुळे नव्हे, तर राहत्या जागेमुळे.

चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ येथे एक टेकडी आहे. मराठवाड्यात सपाट रानातून एकट्याच उठलेल्या टेकडीस बेट म्हणण्याचा प्रघात आहे. उदगीरकडील हत्तीबेट हे त्यातलेच. वडवळच्या बेटास लोक संजीवनी बेट म्हणतात आणि औषधी वनस्पतींच्या शोधात माणसे तेथे येतात. सभोवार नांगरलेली जमीन असता हा तुकडा राहिला, तो वनखात्याच्या ज्ञानामुळे जितका राहिला असेल, तितकाच लोकांच्या या श्रद्धेमुळे राहिला, असे मला वाटते. मात्र श्रद्धेला दुसरी बाजू आहे. औषधी म्हणून कीर्ती झाली की कंद उकरले जातात. अमरकंदाचे मोल त्याच्या कंदातच आहे, आणि कंद गेला की झाड गेले. शोधकाने जागेचा गवगवा करावा की न करावा, हा प्रश्न त्यामुळे आज पूर्वीहून कठीण झाला आहे. कारण हातातील दूरध्वनीवर काढलेले छायाचित्र ठिकाणासह क्षणार्धात जगभर जाते. ठिकाण गावापुरते सांगावे, झाडापर्यंत नेऊ नये, हाच मार्ग मला बरा दिसतो.

रास्नेचे मरण मात्र उकरण्यात नाही. तुळजापुराहून लातूर, नांदेडवरून नागपुराकडे जाणारा रस्ता आता चौपदरी झाला आहे. रस्त्याकडेचा जुना वृक्ष तोडला जातो तेव्हा त्याच्या फांद्यांवर काय होते याची पाहणी कोणी करीत नाही. वृक्ष मोजले जातात, बिऱ्हाडकरू मोजले जात नाहीत. नवे रोप लावले तरी आमरी वस्तीस यावी इतकी खडबडीत साल त्याला येण्यास एका माणसाची उमर लागते. लातूर-नांदेडकडील ज्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना हा नाद आहे, त्यांनी टिपण करताना तारीख आणि गाव यांच्याबरोबर रास्ना कोणत्या वृक्षावर आणि किती उंचीवर होती हेही लिहावे. कुकच्या ग्रंथात या मुलखाची पाने कोरी राहिली. नाईकांच्या ग्रंथात ती भरली. पण कोणत्या गावच्या कोणत्या आंब्यावर, हा तपशील भरण्याचे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.