चमचा कोणाच्या हातात होता? वृद्धांच्या देखभालीचा इतिहास शोधताना

वृद्धांची देखभाल हा विषय घेऊन संशोधन करायचं ठरवलं, की प्रस्तावातलं पहिलं वाक्य बहुतेकांचं ठरलेलं असतं: ‘पूर्वी एकत्र कुटुंबं होती, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची आबाळ होत नसे, कुटुंबं विभक्त झाली आणि प्रश्न उभा राहिला.’ तुमच्याही प्रस्तावात हे वाक्य असेल, तर ते तूर्त पेन्सिलीने खोडून ठेवा. ते खरं आहे की नाही हे तपासायचं आहे, आधीच मान्य करायचं नाही.

तपासायला दोन गोष्टी घ्या. १९६१ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं सुमारे अडीच कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या ५.६ टक्के. २०११ मध्ये ती १०.४ कोटींच्या घरात, ८.६ टक्के झाली. म्हणजे ‘पूर्वी’ वृद्धच कमी होते, आणि अंथरुणाला खिळून पाच-दहा वर्षं काढणारे तर त्याहून कमी. दुसरी गोष्ट, निराधार वृद्धांसाठी संस्था तेव्हाही लागत होत्या. कोलकात्यात ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या जोगिणींनी १८८२ मध्ये वृद्धाश्रम सुरू केला. ज्यांना घर नव्हतं किंवा घरात कोणी करणारं नव्हतं, अशी माणसं त्या ‘सुवर्णकाळा’तही होती.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. या विषयाचा इतिहास लिहायला बसलात की हाताला सगळ्यात आधी कायदे लागतात, कारण त्यांच्या तारखा पक्क्या असतात. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगी फक्त बायकोला आणि मुलांना होती. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आई-वडिलांचा निर्वाह मुलगा आणि मुलगी दोघांची जबाबदारी ठरवली. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेत कलम १२५ खाली आई-वडील आले आणि ही सोय सगळ्या धर्मांच्या लोकांना मिळाली. १९८७ मध्ये कल्याणच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लग्न झालेली मुलगीही यातून सुटत नाही. मग आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ आला. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि अर्ज ऐकायला न्यायाधिकरण.

ही मालिका वाचताना वाटतं, चला, इतिहास सापडला. पण आता व्याख्या काढून वाचा. २००७ च्या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. या चारही गोष्टी पैशांत मोजता येतात. जेवण आलं, पण हात थरथरणाऱ्या माणसाला भरवणार कोण? औषध आलं, पण रात्री दोनदा कूस बदलणं, अंग पुसणं, चादर बदलणं, संडासला नेणं? कायद्याने भाताचा हिशेब ठेवला, चमचा कोणाच्या हातात आहे हे विचारलं नाही.

बहुतेक घरांत तो सुनेच्या हातात होता. आता तीच कायद्यात शोधा. १९५६ च्या कायद्यात सून आहे, पण कलम १९ मध्ये, विधवा म्हणून सासऱ्याकडे निर्वाह मागणारी. २००७ च्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई आले, घरी येऊन देखभाल करणाऱ्या सेवांचाही उल्लेख आला; पण ते विधेयक मंजूर झालं नाही. आणि तिथेही सून आली ती जबाबदार म्हणून. तिने आधीच केलेल्या कामाची नोंद त्यात नव्हतीच.

मग पुरावा कुठे मिळेल? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रिया २७.६ टक्के, पुरुष १४ टक्के. करणाऱ्यांचा दिवसाचा सरासरी वेळ अनुक्रमे १३४ आणि ७६ मिनिटं. आकडा बोलका आहे, पण वापरताना सांभाळा: यात मुलं सांभाळणंही मिसळलेलं आहे. दुसरा आधार म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेला ‘लासी’ हा वार्धक्याचा देशव्यापी अभ्यास. त्यात आंघोळ, कपडे घालणं, जेवणं, अंथरुणातून उठणं जमतं का, असे थेट प्रश्न आहेत.

त्याआधीच्या काळासाठी मात्र तुम्हालाच बोलायला जावं लागेल. आणि तिथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. ‘तुम्ही सासूबाईंची देखभाल केलीत का?’ असं विचारलंत तर ‘त्यात काय, घरचंच होतं’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी एक दिवस विचारा. पहाटे किती वाजता उठायचात? पाणी कुठून आणायचात? धुणं कोण धुवायचं? तुम्ही माहेरी गेलात तर कोण करायचं? शेवटच्या प्रश्नाला सहसा मोठं उत्तर मिळतं, किंवा माहेरी जाणंच बंद झालं होतं हे कळतं. दोन्ही तुमची साधनं आहेत.

हे आत्ताच करायला हवं. १९६०-७० च्या दशकांत ज्यांनी सासू-सासऱ्यांचं सगळं काढलं, त्या बायका आज स्वतः ऐंशीच्या पुढे आहेत. त्यातल्या कित्येकींना आता स्वतःलाच आधार लागतो. त्यांना वेळेत विचारलं नाही, तर कलमं आणि तारखा उरतील, आणि पुढचा विद्यार्थी पुन्हा तेच वाक्य लिहील, ‘पूर्वी आबाळ होत नसे’. ती का होत नसे, कोणाच्या जिवावर होत नसे, हे सांगणारं तेव्हा कोणी नसेल.