तंजावरचा रोखा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम् लागते. उत्तरेकडून नोकरीनिमित्त इकडे आलेला मनुष्य येथे सहसा उतरत नाही. उतरलाच तर एकशे आठ शिवलिंगांच्या देवळात जाऊन पुढची गाडी पकडतो. आम्ही मात्र एका रविवारी मुद्दाम उतरलो, ते तिरुप्पालैत्तुरै येथील पालैवननाथाच्या आवारातले धान्याचे कोठार पाहण्यासाठी. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नायक राजांच्या अमदानीत बांधलेले हे कोठार खाली वाटोळे आणि वर निमुळते आहे. त्याची उंची 36 फूट असून त्यात तीन हजार कलम भात मावत असे. कावेरीच्या पाण्याने हा मुलूख किती पिकत होता, हे सांगावयास दुसरा पुरावा नको.

पण कोठार दिसले की त्याच्यामागे दरोडेखोरही दिसू लागतो. नायकांनंतर 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर मराठे येथे आले. ते राज्यकर्ते झाले हे खरे. पण भाषेने, नात्यागोत्याने आणि संख्येने ते परमुलखात वसलेले मूठभर लोकच राहिले. सातारा दूर आणि शेजार लोभी. अशा माणसांकडे धमकी देऊन पैसा मागणारे आले, तेव्हा त्यांनी काय केले? आमच्यासारख्या बदलीच्या गावी राहणाऱ्यांना हा इतिहास केवळ अभिमानाचा नव्हे, तर उपयोगाचाही आहे.

आरंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. खंडणी हा शब्द आपल्याच भाषेतला असून आपल्या फौजांनी तो पुष्कळ मुलखांना शिकविला. रघूजी भोसल्यांनी 1741 मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला कैद केले, आणि तो सुमारे सात वर्षे मराठ्यांच्या बंदीत राहिला. सुटून आल्यावर त्याने फ्रेंचांचे साहाय्य घेतले, 1749 च्या ऑगस्टात अंबूरच्या लढाईत अर्काटचा नवाब अन्वरुद्दीन मारला गेला आणि चंदासाहेब स्वतः नवाबी मिरवू लागला. नवाबी मिळाली, पण फौजेच्या पगाराला पैसा नव्हता. तेव्हा त्रिचनापल्लीची वाट सोडून तो त्याच वर्षाच्या अखेरीस तंजावरच्या तटाखाली येऊन बसला आणि पेशकशीची थकबाकी म्हणून मोठी रक्कम मागू लागला.

तंजावरच्या गादीवर त्या वेळी प्रतापसिंह होता. त्याने नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. वकील जात-येत राहिले. इकडे इंग्रजांना आणि दक्षिणेचा सुभेदार नासिरजंग याला पत्रे रवाना झाली. फ्रेंचांनी तटाचा एक दरवाजा सर केल्यावर राजाला तह करणे भाग पडले. चंदासाहेबाला 70 लक्ष रुपये, फ्रेंच फौजेला रोख दोन लक्ष, आणि फ्रेंच कंपनीला कारिकलभोवतीची 81 गावे, असा तो तह होता. परंतु पैसे मोजून देण्याची राजाची तऱ्हा इंग्रज इतिहासकार ऑर्म याने वर्णिली आहे, ती वाचण्यासारखी आहे. एके दिवशी सोन्याचांदीची भांडी जात व त्यांच्या किमतीवरून घासाघीस चाले. दुसऱ्या दिवशी चलनातून गेलेली जुनी नाणी जात, म्हणजे पारख करण्यात वेळ जाई. मग जवाहीर जाई, ज्याच्या मोलाविषयी दोन जवाहिऱ्यांचे एकमत होणे कठीण. असे दिवस गेले, नासिरजंगाची फौज जवळ आल्याची बातमी पसरली आणि चंदासाहेबाला वेढा उठवून पाँडेचरीकडे निघावे लागले. वसूल झाली ती मागणीच्या मानाने थोडी रक्कम.

येथवरची हकीगत चातुर्याची आहे. परंतु या प्रकरणात एक कागद मागे राहिला: राजाने चंदासाहेबाला दिलेला 56 लाखांचा रोखा. चंदासाहेब 1752 मध्ये मारला गेला, पण कागद मेला नाही. तो फ्रेंचांच्या हाती गेला. 1758 मध्ये लाली हा फ्रेंच सेनापती मद्रासवर चालून जाण्याच्या विचारात असता त्याच्या खजिन्यात खडखडाट होता. त्याला हा रोखा आठवला. नागूर आणि किवळूर लुटीत तो जुलैमध्ये तंजावरास पोचला. प्रतापसिंहाने पुन्हा तेच केले: बोलणी लांबविली आणि त्रिचनापल्लीहून कुमक मागविली. ऑगस्टच्या आरंभी इंग्रजांचे आरमार कारिकलच्या समुद्रावर दिसले, लालीचा दारूगोळा संपत आला, आणि 10 ऑगस्टच्या सुमारास तोही रिकाम्या हाताने परतला. दोन वेळा राज्य वाचले. पण दुसरे संकट आले ते पहिल्या वेळी लिहून दिलेल्या कागदामुळेच. धाकाखाली लिहून दिलेले कबुलीपत्र हे पुढच्या धमकीचे बीज असते, हा या प्रकरणाचा खरा धडा.

दुसरा धडा याहून कडू आहे. 1762 मध्ये इंग्रज कंपनी मध्यस्थ झाली व नवाब महंमदअलीला तंजावरने थकबाकीपोटी 22 लक्ष आणि दरसाल चार लक्ष द्यावे असे ठरले. ज्याला जामीन मानले त्याच कंपनीची फौज 1771 मध्ये नवाबासाठी तंजावरवर आली, आणि 1773 च्या सप्टेंबरात तिने तुळजाजीला पदच्युत करून राज्य नवाबाच्या स्वाधीन केले. विलायतेहून हुकूम आल्यावर 1776 च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर पिगट याने राजाला पुन्हा गादीवर बसविले. तेव्हा पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक कनिष्ठ नोकर पुढे येऊन म्हणू लागला की, नवाबाने तंजावरचा महसूल आणि शेतातले उभे पीकसुद्धा आपल्याकडे गहाण टाकले आहे! त्याचा दावा दोन लक्ष पौंडांहून अधिक होता. पापनाशमच्या शेतात डोलणारे भात पेरले कोणी, आणि गहाण टाकले कोणी! पिगटने दावा मानला नाही. त्याच वर्षी त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला अटक केली आणि तो 1777 मध्ये बंदीतच मेला. रक्षक निवडताना तो कोणाचा मिंधा आहे हे पाहावे लागते, ते यासाठी.

1799 च्या तहाने सरफोजीच्या हातून कारभार गेला, आणि 1855 मध्ये दुसरा शिवाजी निपुत्रिक वारल्यावर नावाचे राज्यही गेले. पुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी राजवाड्यातील खाजगी मालमत्तेवरही मोहोर ठोकली, तेव्हा राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. तेथे त्या जिंकल्या. 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असा निवाडा दिला. तरी प्रकरण इतके गाजले होते की 1862 मध्ये सरकारने ती मालमत्ता परत केली. तलवार गेल्यावर अर्ज, दप्तर आणि वकील ही हत्यारे उरतात, व ती अगदीच बोथट नसतात.

आज पापनाशमला वेढा पडत नाही. आता दूरध्वनी येतो. पलीकडचा मनुष्य पोलीस किंवा कस्टमचा अधिकारी असल्याचे सांगतो, तुम्हांला ‘डिजिटल अटक’ झाली आहे म्हणतो, कोणाशी बोलू नका असे बजावतो आणि लागलीच पैसे मागतो. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना व्हिसा रद्द करण्याची भीती घालतात. वस्तुतः अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही; भीती घालून पैसा काढणे हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 प्रमाणे अपराध आहे. आम्ही कचेरीत वाढलेली माणसे. नोटीस कशी निघते, जावक क्रमांक कसा पडतो, हे आम्हांला पाठ असते. तरी आमच्यापैकीही माणसे फसतात, कारण परगावी मनुष्य एकटा असतो आणि भाषा येत नाही म्हणून शेजाऱ्याकडे जावयास संकोचतो. खंडणीखोराला आपल्या पैशापेक्षा आपला हा एकटेपणाच अधिक उपयोगी पडतो.

म्हणून प्रतापसिंहापासून घ्यावयाचे ते एवढेच: वेळ काढावा, घाईने पैसे देऊ नयेत, काही लिहून देऊ नये, आलेला प्रत्येक निरोप जपून ठेवावा, आणि पत्रे पाठवावयास विलंब करू नये. आज ती पत्रे म्हणजे घरची माणसे, शेजारी, पोलीस ठाणे, आणि पैसे गेलेच असतील तर तत्काळ 1930 हा क्रमांक. जिवाला धोका असेल तेथे मात्र शौर्य दाखवू नये. आधी जीव वाचवावा, मग तक्रार करावी. प्रतापसिंहानेही दरवाजा पडल्यावर तहच केला होता.

कोठार पाहून बाहेर पडलो तेव्हा तेथल्या वृद्ध राखणदाराने आम्हांला तमिळमध्ये काही विचारले. आम्हांला अर्धेच कळले. पुढच्या वेळी येण्याआधी ती भाषा थोडी अधिक शिकावी, असा आम्ही निश्चय केला. परमुलखात शेजाऱ्याला हाक मारता येणे यासारखा दुसरा तट नाही.