भाकसाचा दुसरा डोळा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्याला समुद्र नाही. उल्हास नदी आहे, पण तिला खारं पाणी भेटतं ते पुढे खाडीत. तरी सकाळी बाजारात मुंबईच्या धक्क्यांवरून मासळी येते. उल्हासनगरात एखादे सिंधी आजोबा पल्ल्याची चौकशी करतात, बाकीचे पापलेटचा भाव ऐकून निमूट बांगड्याकडे वळतात. आणि कडेला, कुणी फारसं न विचारलेला, तपकिरी, चपटा लेप पडलेला असतो. कुणी लेपटी म्हणतं, गोव्यात लेपो. रवा लावून तळला की काट्याचा त्रास जवळपास नाहीच.

त्याला नीट बघा. दोन्ही डोळे एकाच बाजूला. दुसरी बाजू पांढरट आणि आंधळी.

मासा जन्मतो तेव्हा असा नसतो. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू चारचौघांसारखं असतं, एक डोळा इकडे, एक तिकडे, आणि उभं पोहतं. काही आठवड्यांत थायरॉइडच्या हार्मोनची पातळी वाढते आणि कवटी वळू लागते. एक डोळा डोक्याच्या माथ्यावरून पलीकडे सरकतो. मग मासा तळाशी कुशीवर पडतो, तो कायमचा. बेडूकमासोळीचा बेडूक होतो त्याच जातीचा हा बदल. जगात अशा चपट्या माशांच्या आठशेच्या आसपास जाती आहेत.

या डोळ्यावरून १८७१ मध्ये मोठं भांडण झालं. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिवार्ट यांनी डार्विनला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. नैसर्गिक निवडीत बदल थोडाथोडा साठत जातो आणि प्रत्येक टप्पा जगायला उपयोगी असावा लागतो. मग डोळा जरासाच सरकला, पण अजून आंधळ्या बाजूलाच राहिला, तर माशाला त्याचा फायदा काय? तो डोळा तर वाळूतच जाणार!

कोड लिहिणाऱ्याला ही अडचण लगेच कळते. चालू सिस्टिम बंद न करता आतून बदलायची असेल, तर मधली प्रत्येक आवृत्ती चालली पाहिजे. ‘अर्धवट आहे, पुढच्या महिन्यात चालेल’ हे निसर्ग ऐकून घेत नाही.

डार्विनने १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत उत्तर दिलं. स्वीडनच्या माल्म यांनी पाहिलं होतं की तळाशी पडलेली पिल्लं खालचा डोळा जोर लावून वर वळवतात. या सवयीचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेला असेल, असं डार्विनचं म्हणणं. खरं सांगायचं तर हे उत्तर लंगडं आहे. कमावलेली सवय अशी वारशात जात नाही. प्रश्न उरलाच, इतका की १९३० च्या दशकात रिचर्ड गोल्डश्मिट यांनी हा डोळा एका उडीतच पलीकडे गेला असावा असं मानलं.

उत्तर दगडात होतं. इटलीतल्या बोल्का गावाजवळ सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे मासे चुनखडीत जपले गेले आहेत. त्यातल्या अँफिस्टियमला १८३० च्या दशकातच नाव मिळालं होतं. २००८ मध्ये मॅट फ्रीडमन यांनी अशा जीवाश्मांच्या कवट्या तपासल्या, काहींचं सीटी स्कॅन केलं. पूर्ण वाढलेल्या माशातही एक डोळा वर सरकलेला, पण माथा न ओलांडलेला! मिवार्ट जे अशक्य म्हणत होते, नेमकं तेच. असा मासा पंखांवर रेलून अंग जरासं उचलत असेल तर अर्धवट सरकलेला डोळाही कामाचा, असा फ्रीडमन यांचा अंदाज.

पण हे सगळं बघायला इटलीला जायची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावरचा भाकस हा आज जिवंत असलेल्या चपट्या माशांमध्ये सगळ्यात जुन्या धाटणीचा. त्याचा सरकलेला डोळा माथ्याच्या कडेपर्यंतच येऊन थांबतो. पाठीचा पर डोक्यावर चढत नाही, डोळ्याच्या मागून सुरू होतो. तोंड मोठं, दात दणकट. शास्त्रीय नाव सेट्टोडिस एरुमेई. त्यातलं ‘एरुमेई’ म्हणजे तमिळमधली म्हैस. तिकडे त्याला ‘म्हशीची जीभ’ म्हणत, आणि तरंगमबाडीहून युरोपात गेलेल्या माशाबरोबर ते नावही गेलं. लेपाच्या कुळाचं ग्रीक नाव सायनोग्लॉसस, म्हणजे कुत्र्याची जीभ. म्हैस काय, कुत्रा काय, सगळ्यांना जीभच दिसली. आपण मात्र लेप म्हटलं. मला आपलंच नाव आवडतं.

भाकसावरून वाद अजून चालू आहे. २०२१ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून एका गटाने सांगितलं की भाकस आणि बाकीचे चपटे मासे वेगवेगळ्या वाटांनी चपटे झाले. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने ते खोडून काढलं: डोळा एकदाच सरकला, सगळ्यांचा पूर्वज एकच.

लेपाचे डोळे नेहमी डाव्या बाजूला असतात. भाकसाचं तसं नाही. काही डावे, काही उजवे, साधारण निम्मे-निम्मे. बोल्काच्या अँफिस्टियममध्येही दोन्ही प्रकार सापडतात. बाजारात चार-पाच भाकस एकत्र दिसले तर कोळणीला विचारून उलटसुलट करून बघा. घेणार नसाल तर ती ओरडेल, तेवढं सांभाळा.