सृष्टी कोणी केली? रेवदंड्याच्या किनाऱ्यावरचा जुना वाद

१४६९ मध्ये रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन रेवदंड्यालगतच्या चौल बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरच्या अंमलदाराने तो काढून घेतला आणि बजावले की मुसलमान झालास तर घोडा परत, वर हजार मोहरा. खुरासानच्या एका बड्या गृहस्थाने रदबदली केली, म्हणून घोडा सुटला आणि धर्मही राहिला. पुढे निकितिन इथल्या लोकांना त्यांच्या देवाविषयी विचारत हिंडला. या देशात चौऱ्याऐंशी पंथ आहेत, असे त्याने टिपून ठेवले, आणि खरा धर्म कोणता ते देवच जाणे, असेही लिहिले. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आज त्याचे स्मारक आहे.

सृष्टीला कर्ता आहे का, आणि असेल तर कशावरून, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. मात्र तो मोकळेपणाने विचारता येणे ही सत्तेच्या मर्जीवरची गोष्ट होती. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोटाचे बांधकाम काढले. आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट असे एकेका पंथाचे मठ आणि चर्च उभे राहिले. त्यांपैकी फ्रान्सिस्कनांचा मनोरा गावकरी सातखणी म्हणून ओळखतात. त्याचे वरचे मजले केव्हाच ढासळले आहेत. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले. चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध बोलणाऱ्या ख्रिस्त्याला पोर्तुगीज मुलखात तुरुंग होता, मग पुराव्याची चर्चा कोण करणार? १७४० मध्ये कोट मराठ्यांकडे आला. खाडीपलीकडच्या कोर्लईतले ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले आणि पोर्तुगीजातून घडलेली आपली बोली आजही बोलतात. रेवदंड्यातच बेने इस्राएल ज्यूंचे बेथ एल सिनेगॉगही आहे. निर्माता एकच, या श्रद्धेवर तो समाज कोकणात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला.

याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ रामदासांचा दासबोध लिहिला गेला अशी परंपरा आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये बैठकी सुरू केल्या, त्या याच ग्रंथाच्या निरूपणावर. त्याच्या तेराव्या दशकातला आठवा समास ‘कर्तानिरूपण’ आहे आणि तो एखाद्या कसलेल्या वकिलाच्या उलटतपासणीसारखा चालतो. सृष्टी कोणी केली, असे श्रोता विचारतो. सभेतून उत्तरे येऊ लागतात. कोणी सरस्वतीचे नाव घेतो, कोणी भैरवाचे, कोणी खंडेरावाचे, कोणी पांडुरंगाचे. ज्याचे जे दैवत, तोच कर्ता. मग समर्थ खोदून विचारतात. कुंभार मडके घडवतो, पण स्वतः मडके नसतो. तेव्हा कर्ता कार्याहून वेगळा हवा. मग पंचमहाभूतांचा कर्ता पंचमहाभूतांचाच बनलेला कसा चालेल? आणि निर्गुण म्हणावा, तर त्याच्याकडे करणे आले कुठून? न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, हेच मडके घेऊन उलट सिद्ध करत होते की जग हे कार्य आहे, तेव्हा त्याला कर्ता असलाच पाहिजे. एकाच मडक्यावरून दोन टोकांचे निष्कर्ष निघावेत, हे या वादाचे खरे बळ आहे. देवभक्त रामदास स्वतःच्या दैवतालाही या तपासणीतून सूट देत नाहीत. इतका धीट समास मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडेल.

हाच वाद पुढे मुंबईच्या समुद्रकिनारी रंगला, आणि त्यातला मुख्य गडीही याच मुलखातला होता. विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी, १८२५ मध्ये शिरवली गावी जन्मले. त्यांनी काही काळ सरकारच्या कस्टम खात्यात नोकरी केली. पुढे ती सोडून ते सप्तशृंगीला गेले आणि धर्मोपदेशक होऊन परतले. १५ जानेवारी १८५७ पासून दर गुरुवारी संध्याकाळी ते आणि मिशनरी लोकांसमोर वाद करू लागले. मिशनऱ्यांच्या बाजूने पुढे होते अमेरिकन धर्मोपदेशक जॉर्ज बोवेन. बोवेन हे तारुण्यात स्वतः नास्तिक होते. वाग्दत्त वधूच्या मृत्यूनंतर, १८४४ च्या सुमारास, ते श्रद्धेकडे वळले. पुराव्याशिवाय न मानण्याची सवय काय असते हे ते जाणून होते.

मिशनऱ्यांचा देव जगाबाहेरून जग निर्माण करणारा, तर बुवांचा अद्वैती परमेश्वर जगाहून वेगळा नव्हताच. सगळे ब्रह्मच असेल तर पाप कोणाचे, हा बुवांच्या मताला पडणारा पेच. निर्माता पूर्ण असेल तर अपुरी सृष्टी का, हा मिशनऱ्यांच्या मताला पडणारा. दोन्ही बाजू पक्क्या, आणि श्रोते रस्त्यावरचे. कोटात जे शक्य नव्हते ते या वाळूत झाले. इथे हरणाऱ्याला तुरुंग नव्हता आणि जिंकणाऱ्याला जहागीर नव्हती.

१० मे रोजी मेरठला उठाव झाला, आणि २८ मेची सभा शेवटची ठरली. बोवेन यांनी त्याच वर्षी या वादाचे इंग्रजी पुस्तक काढले. बुवा १८७१ मध्ये वारले. मराठी पुस्तक निघाले ते त्यानंतर, १८७२ मध्ये.